पोट दुखतंय म्हणून आलेली पोरं

माझं मेडिकल आहे सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला. आजूबाजूला यंत्रमाग, विडी वळणाऱ्या बायकांची घरं, दोन शाळा आणि पाच-सहा दवाखाने, म्हणजे धंद्याला जागा बरी. बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. मी डॉक्टर नाही, समुपदेशक तर अजिबातच नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते चिठ्ठ्या वाचून आणि माणसं बघून जे डोक्यात बसलंय तेवढंच आहे. पटलं नाही तर सांगा.

दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई पोरीला घेऊन यायची. पोरगी दहावीत, सोळावं लागलेलं, हाडं दिसतील इतकी बारीक. आई विड्या वळते, सकाळी कारखान्यात माल टाकून तशीच पोरीला दवाखान्यात घेऊन आलेली, बोटांना तंबाखूचा वास. "अण्णा, हिचं पोट दुखलालंय, परत." त्या 'परत' वर मी तेव्हा लक्ष दिलं नाही. चिठ्ठीवर पँटोप्राझोल, डायसायक्लोमिन, जंताची गोळी. महिन्याने दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी, त्यात लोहाचं सिरप आणि बी-कॉम्प्लेक्स. मग सोनोग्राफी झाली, नॉर्मल आली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून दर्ग्यावरून धागा आला, उतारा झाला. आई चिडून पोरीला माझ्यासमोरच म्हणाली "चेप्पवे, कुठं दुखतंय नीट सांग की", पोरीने नुसतं बेंबीवर हात ठेवला आणि माझ्या काउंटरच्या काचेतल्या च्यवनप्राशच्या डब्याकडे बघत राहिली. आठ-नऊ महिने हे चाललं. मी प्रत्येक वेळी औषध दिलं, पैसे घेतले. हिशोब केला तर त्या घराचे पाच-सहा हजार तरी सगळं मिळून गेले असतील, आणि हजार विड्या वळल्यावर हातात काय पडतं ते सोलापुरात कुणाला सांगायला नको.

ह्यामागचं खरं कारण कळलं कुणाला? आमच्या भागातल्या सरकारी केंद्रातल्या एका सिस्टरला. ती शाळेत सोळा वर्षांच्या मुलांना टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, इंजेक्शन द्यायला गेलेली. ही पोरगी रांगेतच चक्कर येऊन बसली. सिस्टरने पाणी दिलं, वर्गाबाहेर पायरीवर बसवलं आणि विचारलं, काय खाल्लंस सकाळी, काही नाही, बरं, रात्री झोप लागते का, नाही, आणि मग तिने असा एक प्रश्न विचारला जो इतक्या महिन्यांत एकाही चिठ्ठीवाल्याने विचारला नव्हता. "रात्री झोपतीस कुणाजवळ?"

पोरगी रडायलाच लागली. ती अव्वाजवळ झोपायची, म्हणजे आजीजवळ, लहानपणापासून. आई रात्री अकरापर्यंत विड्या वळणार, बाप लूमवर रात्रपाळीला, त्यामुळे पोरगी अव्वाचीच. अव्वा रात्री झोपेतच गेली, ह्या पोरीच्या शेजारी. सकाळी हिनेच हलवून बघितलं. घरातले सगळे म्हणाले वय झालं होतं, सोनं झालं म्हातारीचं. दिवस झाले, जेवणं झाली, सगळे कामाला लागले. आणि पोरगी त्याच खोलीत, त्याच जागेवर रोज रात्री झोपणार. पोट दुखणार नाही तर काय होणार?

सिस्टरने काही थेरपी वगैरे केली नाही हो. तिला ते येतही नाही असं तीच म्हणते. आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर केंद्रात बोलवायची, लसीकरणाच्या फ्रिजच्या शेजारी स्टूल टाकून बसवायची, बोलू द्यायची. आईला बोलवून सांगितलं की झोपायची जागा बदला, भिंतीकडची बाजू द्या, आणि अव्वाबद्दल घरात बोला, गप्प बसू नका. पाच-सहा वेळा हे झालं. पोट पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही, पण चिठ्ठ्या थांबल्या, दहावीची परीक्षा दिली. मग त्या सिस्टरचं कंत्राट संपलं की बदली झाली, नक्की काय ते कळलं नाही, ती गेली. नवीन आलेल्या सिस्टर कामाला चांगल्या आहेत, पण त्या स्टुलावर आता औषधाचे खोके ठेवलेत.

माझं सगळं म्हणणं ह्या स्टुलाबद्दलच आहे.

मुलांच्या मानसिक आरोग्यावर चर्चा निघाली की दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, मानसोपचार तज्ज्ञ वाढवा. दोन, शाळेत जनजागृती करा. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्हीतून ह्या पोरीला काही मिळालं नसतं. कारण तिला कुणी तज्ज्ञाकडे नेलंच नसतं. आमच्याकडे अजून 'मानसिक' म्हटलं की लोकांना येरवडा आठवतो. तिच्या आईला सांगितलं असतं की सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखव, तर तिने मला वेड्यात काढलं असतं, किंवा दुकान बदललं असतं. आणि जनजागृती म्हणजे काय, हॉलमध्ये तीनशे पोरं बसवून पीपीटी, शेवटी प्रतिज्ञा, ग्रुप फोटो. तीनशे पोरांसमोर हात वर करून कोण सांगणार की मला रात्री भीती वाटते?

पण हीच आई पोरीला घेऊन नऊ महिन्यांत किमान सात-आठ वेळा नेहमीच्या दवाखान्याची पायरी चढली होती. म्हणजे दार तर रोज वाजत होतं. फक्त ते पोटाच्या नावाने वाजत होतं.

पोरं 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाहीत, पुस्तकातला शब्द तो, घरात कुणी वापरत नाही. ती म्हणतात डोकं दुखतंय, चक्कर येते, मळमळतंय, छातीत धडधडतंय. मोठी पोरं फार तर म्हणतील टेन्शन आहे, कशात जीव लागत नाही, कंटाळा आलाय. आणि घरचे म्हणतात लई चिडचिड करलालाय, अभ्यासात लक्ष नाही, मोबाइल काढून घेतला पाहिजे. पहिली सगळी लक्षणं घेऊन पोरगं डॉक्टरकडे येतं, दुसऱ्या सगळ्यांसाठी चार रट्टे खातं. लहान वयात मनाचा त्रास शरीरातून बाहेर येतो हे मुलांच्या डॉक्टरांना नवीन नाही. मग विचारत का नाहीत? कारण बाहेर चाळीस जण बसलेत.

आकडे जरा सांगतो, कंटाळू नका. बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशाचा मानसिक आरोग्याचा मोठा सर्व्हे केला, त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्क्यांना काही ना काही मानसिक आजार निघाला. साठ पोरांच्या वर्गात चार. आता सरकारी नियमाप्रमाणे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात तीस हजार लोकांमागे असतं. त्यातला साधारण पाचवा हिस्सा १० ते १९ वयाचा धरा, म्हणजे सहा हजार मुलं, त्यांना तोच टक्का ढोबळ लावला तर चारशेच्या वर. एका केंद्रात. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ लाच ४३ लाखांच्या पुढे होती, अकरा तालुके, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत. देशात लाख लोकांमागे धड एक मानसोपचार तज्ज्ञ येत नाही, त्यातले लहान मुलांचे तर मोजकेच. ही चारशे-चारशे पोरं सिव्हिलच्या ओपीडीत पाठवायची म्हटलं तर रांग सात रस्त्यापर्यंत जाईल. म्हणजे तज्ज्ञ वाढवून हे गणित माझ्या हयातीत सुटत नाही. सुटणार असेल तर खालीच, जिथे पोरं आधीच येतात तिथे.

आणि ही आयडिया काही माझी नाही, जुनी आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा, आणि तो ज्या नमुन्यावर उभा राहिला तो आपल्या शेजारचा, कर्नाटकातल्या बल्लारी जिल्ह्याचा, जिथे प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून गावातच उपचार सुरू केले होते. म्हणजे बघा, चाळीस वर्षांपूर्वी विजापूरच्या पलीकडे जे जमलं ते आपण अजून 'अभिनव संकल्पना' म्हणून भाषणात सांगतो. फरक इतकाच की त्या सगळ्यात डोळ्यासमोर मोठी माणसं होती, मोठे आजार होते, फिट्स होत्या. पोरं त्यात नंतर जोडली गेली, आणि जोडली म्हणजे कागदावर.

कागद म्हटलं की आशाताईंचा फॉर्म आठवला. माझ्या दुकानातच बसून एक आशाताई भरत होत्या म्हणून मी बघितला. सीबॅक म्हणतात त्याला. बीपी, शुगर, तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, आणि शेवटाकडे चक्क मनाचे दोन प्रश्न आहेत, की कामात रस वाटत नाही असं होतं का, उदास, निराश वाटतं का. मला फार बरं वाटलं, म्हटलं वा, घरोघरी हे विचारतात! मग ताई म्हणाल्या, अण्णा हा तीस वर्षांवरच्यांसाठी आहे. म्हणजे त्याच खोलीत कोपऱ्यात पंधरा वर्षांची पोरगी बसलेली असेल, तिच्या आईला विचारणार उदास वाटतं का, पोरीला नाही. मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात असं जागतिक आरोग्य संघटनाच वर्षानुवर्षं सांगते. आणि आपण विचारायला तिसाव्या वर्षी जातो.

पोरांसाठी काहीच नाही असंही नाही, खोटं कशाला बोलू. आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची, गाडी आहे, २०१३ पासून, शाळेत वर्षातून एकदा येते, अंगणवाडीत दोनदा. डोळे, दात, रक्त कमी आहे का, हृदयाला छिद्र आहे का, आणि ह्या गाडीमुळे आमच्या भागातल्या पोरांची ऑपरेशनं फुकट झालेली मी बघितलीत, त्या लोकांबद्दल मला आदरच आहे. त्यांच्या तपासणीच्या यादीत शिकण्यातली अडचण, अतिचंचलता, स्वमग्नता हेही आहे. पण एका दिवसात दोनशे पोरं तपासताना दात दिसतो, मन दिसत नाही. किशोरवयीन आरोग्याचा वेगळा कार्यक्रम २०१४ पासून आहे, त्यात क्लिनिक आहेत, समुपदेशक आहेत, पण ती बहुतेक मोठ्या रुग्णालयात, आणि आमच्या गल्लीतल्या एकाही पोराला मी कधी 'मी तिथे जाऊन आलो' म्हणताना ऐकलं नाही. टेली-मानस ह्या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, मी तो दुकानात काचेवर चिकटवलाय. पण एका खोलीचं घर, फोन आईचा किंवा भावाचा, कॉल केला तर यादीत दिसणार. पोरगी बोलणार कुठे जाऊन, संडासात?

बरं मग मला नेमकं काय पाहिजे. जास्त नाही. प्रत्येक प्राथमिक केंद्रात आणि शहरात प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात एक माणूस, ज्याचं कामच पोरांशी बोलणं आहे, त्याच्यावर लसीकरण, सर्व्हे, निवडणूक ड्युटी असलं काही लादायचं नाही. डॉक्टर नको, मानसशास्त्राची मोठी डिग्री पण लागणार नाही, नीट शिकवलेला आणि ज्याच्या डोक्यावर महिन्यातून दोनदा तज्ज्ञ हात ठेवेल असा. आणि बसायला एक कोपरा, जिथे आवाज बाहेर जाणार नाही.

ह्यावर पहिला आक्षेप येतो की असा कमी शिकलेला माणूस काय करणार, उलट बिघडवेल. मलाही आधी असंच वाटायचं. पण बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरच्या वर शाळांमध्ये एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरी मासिकात छापून आला. काही शाळांमध्ये भावनिक आरोग्याचा कार्यक्रम साध्या, तेवढ्यासाठी शिकवलेल्या समुपदेशकाने चालवला, काही ठिकाणी तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला. समुपदेशक होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, उदासी कमी झाली, दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवला तिथे फरक पडला नाही. मला ह्यात शिक्षकांचा कमीपणा अजिबात वाटत नाही, जो माणूस सकाळी गणिताच्या मार्कांवरून ओरडतो त्याच्याकडे दुपारी पोरगं मन कसं मोकळं करेल? वेगळा माणूस लागतो, आणि त्याला वेळ लागतो, बाकी डिग्रीचं नंतर बघता येतं. आमच्या सिस्टरकडे तरी काय होतं, वेळ आणि एक स्टूल.

मग लोक म्हणतात की एवढंच आहे तर शाळेतच नेमा. सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या जुलैमध्ये सांगितलंच आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा. हवाच. पण जिल्हा परिषदेच्या वस्तीवरच्या शाळांमध्ये शंभर पोरं नसतातच. आणि नववीत शाळा सोडून टॉवेलच्या कारखान्यात लागलेला पोरगा? लूमवर बारा तास उभा राहणारा सतरा वर्षांचा? उसाच्या फडात आईबापाबरोबर आलेली पोरं, दिवाळीनंतर माळशिरस-पंढरपूरच्या बाजूला कोप्यांमध्ये राहणारी? बारावीनंतर घरी बसून दुसऱ्यांदा डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा देणारी, लातूरहून परत आलेली, जी कुठल्याच हजेरीपटावर नाहीत? ह्यांना ताप येतो, खोकला येतो, पोट दुखतं. दवाखान्यात ती पण येतात.

आणि एक गोष्ट जी मोठे लोक विसरतात, बदनामी. शाळेत समुपदेशकाच्या खोलीत गेलं की मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला कळतं. मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बसलं की नात्यातलं कुणीतरी बघतंच, सोलापूर तसं लहान गाव आहे हो, आणि मग पोरीच्या लग्नाची काळजी सुरू. साध्या आरोग्य केंद्रात मात्र तोच केसपेपर, तीच रांग, पुढचा माणूस मलेरियासाठी, मागचा ड्रेसिंगसाठी. तुम्ही कशासाठी बसलात हे कुणाला कळतं? हा फायदा पैशाने विकत मिळत नाही, आपल्याकडे तो आयता आहे.

हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी एड्सच्या काळाची आठवण करून देतो. तेव्हा लोक ह्या आजाराचं नाव पण घ्यायला घाबरायचे. तरी सरकारी रुग्णालयांमध्ये आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या जागा, उघडल्या, वेगळी खोली, दार बंद, समोर समुपदेशक, तपासणीच्या आधी बोलणं, नंतर बोलणं, नाव बाहेर जाणार नाही. आपल्याच खात्याने, आपल्याच माणसांनी, आपल्याच पडक्या इमारतींमध्ये हे केलं. टीबीचं पण बघा. खाजगी डॉक्टरने पेशंट सरकारला कळवला तर त्याला पाचशे रुपये मिळतात. म्हणजे गल्लीतल्या बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरला सरकारी साखळीत कसं ओढायचं हेही आपल्याला माहिती आहे. पोरांच्या मनासाठी तेच करा ना. डॉक्टरला समुपदेशन करायला लावू नका, त्याला वेळ नाही हे मी रोज बघतो. त्याच्याकडून फक्त दोन गोष्टी पाहिजेत. एकच तक्रार घेऊन पोरगं तिसऱ्यांदा आलं आणि तपासण्या नॉर्मल आहेत, तर आईला दोन मिनिटं बाहेर बसवायचं आणि विचारायचं झोप कशी आहे, घरात काय चाललंय, जगू नये असं वाटतं का. उत्तर हो आलं की पोराला केंद्रातल्या त्या माणसाकडे पाठवायचं, आणि ज्या पोराने जगू नये असं वाटतं म्हटलं त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी तज्ज्ञाला फोन. बस.

हा शेवटचा प्रश्न विचारायला डॉक्टर पण कचरतात, म्हणे विचारलं तर पोराच्या डोक्यात येईल. येत नाही. ह्यावर भरपूर अभ्यास झालाय, विचारल्याने धोका वाढत नाही, उलट पोराला वाटतं कुणाला तरी दिसलं. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. ह्यातली किती पोरं आधीच्या वर्षात कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात अंगदुखी, डोकेदुखी सांगून आली असतील ह्याचा विचार मी रात्री शटर ओढताना करतो आणि मग करायचा थांबवतो.

औषधांबद्दल माझ्या धंद्यातलं सांगतो. लोकांना भीती असते की एकदा ह्या लाइनला लागलं की गोळ्या चालू. आता उलटं काय चाललंय ते ऐका. बाई येते, म्हणते अण्णा, माझी झोपेची गोळी आहे ना, त्यातली अर्धी पोराला देते, परीक्षेचं टेन्शन आहे त्याला. अल्प्राझोलम! शेड्यूल एच-वन मधलं औषध, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहून तीन वर्षं ठेवायचं. मी देत नाही, भांडतो, पण गोळी आधीच घरात आहे तिथे मी काय करू. म्हणजे बोलायला माणूस नाही म्हणून गोळी चाललीय. सौम्य त्रासात मुलांना पहिला उपाय गोळी नसतोच, बोलणं असतं, झोप असते, घरात काय बदलायचं ते असतं. केंद्रात बोलणारा माणूस बसवला तर माझा खप कमीच होईल, आणि तरी मी हे लिहितोय, तेवढं तरी लक्षात घ्या.

एक आक्षेप मात्र मला खरंच विचार करायला लावतो. एक निवृत्त हेडमास्तर आहेत आमचे, रोज संध्याकाळी पेपर वाचायला दुकानात येतात, ते म्हणाले, अरे, आजी गेली म्हणून पोरगी रडली, ह्याला आजार म्हणायचं? उद्या प्रेमभंग झाला, मार्क कमी पडले, सगळ्यालाच केस करणार का तुम्ही? आम्ही नाही का मोठे झालो? त्यांच्या शेवटच्या वाक्याला मी उत्तर देत नाही कारण त्यांच्या पिढीतलं कोण कसं मोठं झालं आणि कोण झालंच नाही हे त्यांनाही माहिती आहे. पण पहिलं म्हणणं बरोबर आहे. त्या पोरीला आजार नव्हता. तिला दुःख होतं, आणि दुःखाला सोनोग्राफी करून आम्ही सगळ्यांनी मिळून आजारी पाडलं. तज्ज्ञाकडे नेलं असतं तर तिथे कदाचित फाइल झाली असती. म्हणून तर मी खालच्या पायरीबद्दल बोलतोय, जिथे पंधरा मिनिटं बोलून कळतं की हे दुःख आहे, ह्याला वेळ द्या, आणि हे दुसरं मात्र वेगळं आहे, हिने तीन आठवडे काही खाल्लं नाही, हिला वर पाठवा. ही चाळणी नसली की सगळेच एकतर वर जातात नाहीतर कुणीच जात नाही. आपल्याकडे कुणीच जात नाही.

भाषेचं पण सांगितलं पाहिजे, हे पुण्या-मुंबईत बसून सुचणार नाही. सोलापुरात पोरगी शाळेत मराठी बोलते, घरी तेलुगू. शेजारची घरी कन्नड. पलीकडच्या गल्लीत उर्दू, आणि ती पण आपली सोलापुरी उर्दू. पोरं रडतात घरच्या भाषेत. मराठीत छापलेल्या प्रश्नावलीत 'तुम्हाला हताश वाटते का' असं विचारलं तर ती हो म्हणेल की नाही ह्यावर मी पैज लावणार नाही. म्हणून हा माणूस त्याच भागातला हवा, त्या गल्लीची भाषा येणारा. पण मग तोच गल्लीतला म्हणून बाहेर बोलेल ही भीती, आणि ती भीती खरी आहे. त्यामुळे नेमताना पहिली अट ही की इथलं तिथे बोललास तर नोकरी गेली. आणि पोराला पण पहिल्याच दिवशी खरं सांगायचं, की तू सांगशील ते मी आईलासुद्धा विचारल्याशिवाय सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असला किंवा कुणी तुझ्याशी घाण वागत असलं तर मला सांगावंच लागेल, कायदा आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. 'सगळं गुपित ठेवीन' असं खोटं वचन देऊन मग पोलीस आणले तर ते पोर आयुष्यात परत कुणाला काही सांगणार नाही. आणि अठराच्या आतल्या मुलाच्या उपचाराला पालक लागतात, ते लागणारच, त्याला इलाज नाही. पण बसून बोलायला कुठल्या कलमाची परवानगी लागत नाही.

वेळ हा आणखी एक विषय. सरकारी ओपीडी मुख्यतः सकाळी. सकाळी पोरं शाळेत, आई कारखान्यात माल टाकायला. सरकारने 'आपला दवाखाना' काढले ते संध्याकाळी कष्टकरी लोकांना जाता यावं म्हणूनच ना, मग पोरांची ही खुर्ची तिथेच टाका, संध्याकाळी पाच ते आठ. तिकडे कुंभारीला रे नगरात तीस हजार असंघटित कामगारांची घरं, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. जुन्या गल्ल्या, जुन्या मैत्रिणी, जुनी शाळा सोडून पोरं तिकडे गेलीत. चांगलं घर मिळालं म्हणून कुणी त्यांना विचारत पण नाही की तुला करमतंय का. मी आरोग्य खात्यात असतो तर पहिली खुर्ची तिथे टाकली असती.

खर्च विचाराल तर मी हिशोब मांडू शकत नाही, पण त्या पोरीच्या एका घराचे पाच-सहा हजार मला दिसतात, आणि अशी घरं माझ्या एकट्याच्या उधारीच्या वहीत कमी नाहीत. तो पैसा आत्ता पण खर्च होतोच आहे, फक्त सिरपवर.

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या केंद्रात एक बैठक होती, रुग्णांच्या सोयीसुविधांबद्दल वगैरे, मलाही बोलवलं होतं. मी हेच सगळं जरा थोडक्यात सांगितलं. म्हटलं माणूस मिळेल तेव्हा मिळेल, निदान फ्रिजच्या बाजूचा तो कोपरा मोकळा करा, खोके हलवा आणि मध्ये एक पडदा लावा, तुमच्या आत्ताच्या सिस्टर बोलतील आठवड्यातून एक तास, त्या तयार आहेत. साहेब चांगले होते, हो म्हणाले, पण म्हणाले पडद्यासाठी वेगळं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, नाही, मागणी वर पाठवावी लागेल. ज्या गावातून चादरी आणि टॉवेल परदेशात जातात त्या गावात पडद्याला हेड नाही. मी बाहेर येऊन शेजारच्या लूमवाल्याला सांगितलं. तो हसला आणि दोन जाड चादरी काढून दिल्या, मोरपंखी रंगाच्या, पैसे नको म्हणाला. आठ दिवस झाले, माझ्या काउंटरखाली घडी घालून ठेवल्यात. न्यायला अजून कुणी आलेलं नाही.